बंकटदाजींनी दिलेली मजुरी

आमच्या बंकटदाजींना कुणाचीच मजुरी कधी पटली नाही. न्हावी असो, गवंडी असो, पंक्चरवाला असो, काम संपेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभं राहायचं आणि पैसे द्यायची वेळ आली की "एवढ्याशा कामाचे एवढे?" म्हणून सुरू करायचं. केजला दाढ काढली तेव्हा तोंडात कापूस असतानाही त्यांनी डॉक्टरला "दोन मिन्टं तर लागली" असं ऐकवलंच. माझी थोरली बहीण ताराबाई या माणसाच्या घरात पंचवीस वर्षं नांदते आहे. तिला सरकारने काहीतरी द्यायला हवं, असं मी तिला नेहमी म्हणतो.

दाजींचा दुसरा संशय असा, की दुरुस्तीवाले आतला-बाहेरचा चांगला माल काढून घेतात आणि आपल्या गळ्यात भलतंच काही बांधतात. म्हणून त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटने नाव टाकलेलं असतं. फवारणीचा पंप, खोरं, शिडी, सगळ्यांवर 'बंकट आश्रुबा'. मी एकदा म्हणालो, "दाजी, म्हशीचं तेवढं राहिलं." त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अशा माणसाच्या मुलीसाठी मी स्थळ आणलं. मुलगी मोहिनी, माझी लाडकी भाची. मुलगा प्रविण, केजच्या सुंदररावांचा. बापलेकांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरायची. केजच्या एका लग्नात मी मोहिनीला प्रविण लांबून दाखवला होता. नंतर दोघं फोनवर बोलली आणि पोरगी खुलली. एरवी स्थळाचं नाव काढलं की भांडी आदळणारी, पण या वेळी ताराबाईने विचारलं तर ती मान खाली घालून "बघा तुम्हीच" म्हणाली. ताराबाईने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज ओला झाला होता.

अडले ते दाजी. "दुरुस्तीवाल्याच्या घरात पोरगी द्यायची? तो गिऱ्हाइकाला लुबाडत आसंल तर आपल्याला सोडंल का?" महिनाभर त्यांनी बघण्याचा कार्यक्रमच होऊ दिला नाही. शेवटी सुंदररावांनी मला सरळ सांगितलं, "हरिओम, धर्मापुरीचे पावणे त्यांच्या पोरीचं स्थळ घिऊन दारात बसल्यात. मला तुमची पोरगी त्या लग्नात बघूनच आवडली म्हणून थांबलोय. शुक्रवारपस्तोर हो का न्हाई ते कळवा. लोंबकळत ठिवू नका."

आणि त्याच आठवड्यात दाजींची विहिरीवरची मोटार जळाली. दुसऱ्या कुणाला दुःख झालं असतं. दाजींचा चेहरा उजळला.

"हरिओम, गाडी काढ. मोटार त्याच्याच दुकानात टाकू. नाव सांगायचं न्हाई. मजुरी किती लावतो त्याच्यावरनं मानूस कळतो बे!"

मंगळवारी आम्ही माझ्या पिकअपमध्ये मोटार टाकून केजला गेलो. माझ्या गाडीच्या समोरच्या काचेवर मोठ्या अक्षरात 'मोहिनी' लिहिलेलं आहे. ती जन्मली त्या वर्षी मी पहिली गाडी घेतली, तेव्हापासून प्रत्येक गाडीवर तेच नाव. सुंदररावांनी गाडी आणि मला ओळखू नये म्हणून दाजींनी मला बसस्टँडच्या मागे थांबवलं आणि हातगाडीवर मोटार घालून एकटेच गेले. दुकानात नाव सांगितलं आसाराम. परत आले ते मिशीतल्या मिशीत हसत. मग बाकीच्या दुकानांतून "पाच एचपीची नुसती मजुरी किती?" असं विचारत फिरलो. कुणी हजार म्हणालं, कुणी दीड.

"पंधराशेच्या वर गेला तर चोर," दाजींनी निकाल ठरवून टाकला.

"आणि हजाराच्या खाली आला तर?"

"तर तार हलकी घातली आसंल."

म्हणजे बिचाऱ्या सुंदररावांना सुटका नव्हतीच. मी तसं म्हणालोही. दाजी म्हणाले, स्थळ तू आणलंस, तुला त्यांचा पुळका येणारच. मला यात काही मिळतंय असा संशय त्यांना माझ्यावरही होता. मला राग आला, पण मोहिनीसाठी गिळला.

गुरुवारी मोटार आणायला गेलो तेव्हा मात्र मी गाडीत बसून राहिलो नाही. दुकानाशेजारच्या रसवंतीत, आडोशाला उभा राहिलो. तिथून सगळं ऐकू येत होतं.

सुंदररावांनी बिल सांगितलं. तार, कागद, व्हार्निश, बेअरिंग. सगळं बाजारभावाने.

"आन् मजुरी?" दाजींनी विचारलं.

"मजुरी न्हाई."

"कावून?"

"आपल्या माणसाकडनं आमी मजुरी घेत न्हाईत. मालाचे पैसे घेतो, हाताचे न्हाई. माझ्या बापापासनं हीच रीत हाय."

"मी आसाराम. मी कुठं तुमचा मानूस?"

सुंदररावांनी मोटार पायाने अर्धी फिरवली. वर आलेल्या अंगाला लाल ऑइलपेंटमध्ये 'बंकट आश्रुबा' लिहिलेलं होतं.

मला हसू आवरेना. गाडीवरचं नाव लपवायला मला स्टँडमागे डांबणारा माणूस स्वतःचं नाव हातगाडीवर घालून घेऊन गेला होता! आत तारा गुंडाळत बसलेल्या प्रविणने मान आणखी खाली घातली.

दाजींचा चेहरा पडला. दुसऱ्या कुणी हसून विषय मिटवला असता. पण पकडला गेलेला संशयी माणूस आणखी संशयी होतो. मला त्यांचं डोकं बाहेरून वाचता येत होतं. हा ओळखूनही गप्प राहिला, म्हणजे डाव असणार. आज मजुरी सोडतोय, उद्या लग्नात वसूल करील.

"माजी परीक्षा बगायला आलतात का?" सुंदररावांनी विचारलं. आवाज शांत होता, पण कानशिलं लाल झाली होती. तो माणूसही काही साधा नव्हे. एका शब्दावरून त्याने सख्ख्या चुलत्याकडे जाणं-येणं बंद केल्याचं मला माहीत होतं.

दाजींनी खिशातून नोटा काढल्या. मालाचे दिले, वर बाराशे मोजून बाकड्यावर ठेवले. "ही तुमची मजुरी. मला कुनाचं फुकट नगं."

"पावणं, उचला ते."

"घ्या म्हनलं ना! आजून आपन सोयरे झालो न्हाईत."

मी रस तसाच ठेवून धावलो, पण तोवर सुंदररावांनी पैसे उचलून गल्ल्यात टाकले होते. माझ्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "हरिओम, तुमचा जबाब मिळाला."

मी मोटार गाडीत चढवून घेतली. दाजी मात्र वाटभर खुशीत. "मानूस सरळ हाय बे. माल लई रास्त लावला, बाराशे दिले तर गपचिप घेतले. आता मी मिंधा न्हाई. ताठ मानेनं सोयरीक करतो बघ. उद्याच सांग त्याला, हो म्हनून."

"दाजी, तुम्ही त्याला नाही म्हणून आलात."

"मी? मी कवा न्हाई म्हनलो?"

घरी ताराबाईने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आवं, तो आपला मानूस म्हनत व्हता, आन् तुमी त्याला मजुरी मोजून आलात?" मोहिनी दारात उभी होती. तिने एकच विचारलं, "घेतली त्यांनी?" मी मान डोलावली. ती आत गेली. भांडी आदळल्याचा आवाज आला नाही, तेव्हा मला खरं वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आत आम्ही दारात. या वेळी गाडी समोरच लावली. सुंदरराव आले, शटर वर केलं. दाजींनी हात पुढे केला. पंचवीस वर्षांत मी त्यांना असा हात पसरताना पाहिलं नव्हतं.

"माजी मजुरी परत द्या."

सुंदररावांना कळलं. त्यांनी गल्ल्यावर हात ठेवला.

"काल सांजच्याला धर्मापुरीकर आले," ते म्हणाले. "सुपारी फुटली. जबान दिली मी."

दाजींचा हात तसाच राहिला. सुंदररावांनी गल्ल्यातून बाराशे काढले, पण पुढे केले नाहीत. "मजुरीत काय चुकलं आसंल तर सांगा. जास्त झाली का?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

"न्हाई," ते म्हणाले. "बराबर हाय."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी गाडी चालू केली, पण दाजी चढेनात. काचेवरचं नाव वाचत ते समोरच उभे राहिले, आणि मला हॉर्न वाजवायचा धीर झाला नाही.