मोबदल्याचा चौकोन

आमच्या दिवाळे गावात कुणी विचारलं, तू काय काम करतेस, तर मी आता सरळ सांगते, चौकोन काढते. सुरुवातीला समजावून सांगायचे. तुम्ही मोबाइलवर पीडीएफचा फॉर्म उघडता ना, त्यात नावाच्या जागी बोट ठेवलं की लिहिता येतं, होय-नाहीच्या जागी टिक येते, ते सगळं कुणीतरी काढावं लागतं. बेलापूरच्या ऑफिसात आम्ही सहा जण तेच करतो. दुसऱ्या कंपन्या त्यांची फाइल आमच्या सॉफ्टवेअरला देतात आणि आमचा कोड तो कागद तुमच्याच मोबाइलच्या आत, तिथल्या तिथे रंगवतो. रेंज गेली तरी फॉर्म जात नाही, आणि ‘पाठवा’ दाबेपर्यंत तुम्ही लिहिलेलं तुमच्याकडेच राहतं. एवढं सगळं ऐकून समोरची बाई म्हणायची, "म्हंजे चौकोन काढतंस." घ्या! मग मीही नाद सोडला.

त्या रविवारी बाबांनी चिंबोरीचे सगळे डेंगे, म्हणजे नांग्या, माझ्या ताटात वाढले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. बाबा म्हणजे गंगाराम, तुर्भ्याच्या एका कंपनीत उभी हयात काढून रिटायर झालेले. माणूस गरीब गाय. फक्त अवघड काही बोलायचं असलं की दुसऱ्याला पुढे करतात.

"मोनाली, आत्याकडनं तेवढा फॉर्म भरून घेशील? मोबाइलवरच हाय. तुझ्याच चौकोनांचा."

फॉर्म हक्कसोडीचा होता. आजोबांची मिठागराची जमीन हे शहर वसताना गेली आणि तिच्या बदल्यात सरकारच्या साडेबारा टक्के योजनेतला प्लॉट आता कुठे द्रोणागिरीला निघाला. वारस दोनच, बाबा आणि त्यांची थोरली बहीण, रंगूबाई आत्या. म्हणजे अर्धा प्लॉट तिचा. पण बिल्डरला दोन वारसांच्या भानगडी नकोत, एकच नाव हवं. आत्याने या फॉर्मवर सही केली की वकील तो छापून रजिस्ट्रारकडे नेणार आणि तिचं नाव कायमचं निघणार. गावात सगळ्या बहिणी देतात. भाऊ साडीचोळी करतात, गोड जेवण घालतात, सही घेतात आणि वर म्हणतात, बहिणीनं प्रेमानं दिलं हो!

"तुम्हीच विचारा ना तिला," मी म्हटलं.

"मना नाय जमत गो."

माझं डोकं सटकलं. ज्या बहिणीनं मासळीची टोपली डोक्यावर घेऊन याला शाळेत घातलं, तिच्यासमोर उभं राहायची हिंमत नाही, आणि मला डेंगे चारतोय! पण मी उठले. का उठले ते विचारू नका. बापाला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

मोबाइलवर फाइल उघडली तर जोडाक्षरं फुटून सगळा चिवडा झालेला. मग ऑफिसचा टॅबलेट काढला. त्यात आमचं टेस्टिंगचं ॲप होतं, त्यात कागद स्वच्छ दिसला. नाहीतरी आमचा बॉस निशांत मागे लागलाच होता, रेंज नसलेल्या जागी नीट चालवून बघ म्हणून. जेट्टीच्या पुढे, जिथे आत्या जवळा सुकवते, तिथे कुठल्याच कंपनीची रेंज येत नाही.

पूर्ण ओहोटी होती. होड्या चिखलात कुशीवर कलंडून झोपल्या होत्या आणि खाडीवर इतका उजेड होता की पलीकडचा काठ नुसता धूसर पट्टा दिसत होता. आत्या फाटक्या ताडपत्रीच्या सावलीत बसून जवळ्यावरचे कावळे हाकलत होती. मी तिच्या शेजारी बसले. पोटात भात, ताडपत्रीच्या भोकांतून अंगावर ऊन. आठवडाभर मी चौकोनच बघत होते, त्यामुळे पापण्या जड झाल्या तसे ते समोर उमटायला लागले, फिके निळे, कडा बारीक. एक होडीवर, एक चिखलात रुतलेल्या बगळ्यावर, एक दूर उतरणाऱ्या विमानावर. प्रत्येकात काहीतरी लिहायचं राहिलंय आणि कुणीतरी माझीच वाट बघतंय असं वाटत होतं. सगळ्यात मोठा चौकोन आत्याभोवती होता आणि तो रिकामा होता.

"काय गो, डोलं लागलं?"

दचकले. मग टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. हा हक्कसोडीचा फॉर्म आहे, सही केलीस तर प्लॉटवरचं तुझं नाव जाईल, बाबांनी पाठवलंय.

आत्या कावळ्याकडे बघत राहिली. "त्यो नाय आला?"

"नाही."

"बरं. वाच काय काय हाय."

मी वाचत गेले, ती सांगत गेली. वय आलं.

"साठ लिव."

"आत्या, आधार कार्डावर सत्तर आहे."

"मंग इचारतंस कशाला?"

ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना, तेव्हा तिने पदराला हात पुसले आणि परत बोट लावून बघितलं. चौकोनात उभी रेघ लुकलुकायला लागली तशी ती लहान पोरीसारखी हसली. "आन हे जातंय कुठं?"

"कुठंच नाही. आपण पाठवत नाही तोवर इथंच राहतं. लिहिलेलं पुसताही येतं."

"म्हंजे काय पन लिवलं तरी चालतंय?"

"आत्ता चालतंय."

मग ती सुटलीच. व्यवसायात म्हणाली, खाडी लिव. मी लिहिलं, व्यवसाय खाडी. पत्त्याच्या चौकोनाशी आली आणि थांबली. द्रोणागिरीचा प्लॉट आमच्यापैकी कुणीच बघितला नव्हता, नकाशावरचा नुसता नंबर होता तो. पण आत्या डोळे मिटून सांगायला लागली, जणू काल तिथेच झोपली होती. "वरचा माला. खिरकी खाडीकरं. सकालचं पानी दिसतंय तिथनं, आन आपल्या होऱ्या. एक पंखा. भिंती पिवल्या. आन दाराला कडी लिव. आतनं."

"कडी?"

"आतनं."

मी लिहिलं. आत्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहते. जाळी, बर्फाची खोकी, बिघडलेला फ्रीज, सगळं तिच्याच खोलीत, आणि त्या दाराला कडी आहे ती बाहेरून. मी जन्मल्यापासून ती कडी बघतेय. बाहेरून आहे, हे आज पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

फॉर्म खाली सरकवताना ती मध्येच थांबली. "आन ह्यो चौकोन असा राखुंडीसारखा का?"

"त्याला कुलूप आहे. वकिलांनी आधीच भरून ठेवलाय, त्यात आपल्याला लिहिता येत नाही."

"काय भरलंय?"

मी वाचलं. "मोबदला. काही नाही. बंधुप्रेमापोटी, स्वखुशीने."

कावळा येऊन जवळ्यावर बसला तरी आत्याने हाकलला नाही.

"माझा प्रेम वकिलाला कसा कलला?"

"सगळ्यांच्याच फॉर्मात असतं ते, आत्या."

"सगल्यांचा माहीत नाय मना. गंग्याला मी शालेत घातला, तापात रातभर मांडीवर घेतला, त्याचा लगीन केला, तवा नाय कुनी कागद केला. तवा प्रेम व्हता. आता जागेच्या कागदाला कशाला चिकटवतंय?" मग टॅबलेट माझ्याकडे सरकवून म्हणाली, "उघड त्यो."

आता ऐका. अशा फाइलीत प्रत्येक चौकोनावर एक खूण असते, इथे लिहू द्यायचं की नाही. आमचा कोड ती खूण पाळतो. निशांत तर म्हणतो, कुलूप लावणाऱ्याचा मान राखायचा, तेच आपलं काम. पण टेस्टिंगच्या ॲपमध्ये सगळी कुलपं काढायचं एक बटण मीच माझ्या सोयीसाठी ठेवलेलं आहे. मी ते दाबलं. खड्ड्यात गेला मान! राखुंडी उडाली, चौकोन बाकीच्यांसारखा निळा झाला.

"पूस," आत्या म्हणाली.

"प्रेमापोटी एवढंच?"

"सगला."

मी पुसलं. चौकोन रिकामा झाला आणि त्याची कड लाल झाली. मी सांगितलं, हा रिकामा ठेवता येत नाही, काहीतरी लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही.

"मंग ते मी कशी लिवनार? देनारी मी. त्यानं बदल्यात काय दिला ते त्यालाच ठाव. जा, बोलव गंग्याला. जागा हवी तर नेऊ दे, मना काय वर न्यायची हाय? पन प्रेमानं दिली असा माझ्या नावानं नको लिवू."

फोन लागणं शक्यच नव्हतं. मी गल्लीतून घरापर्यंत गेले आणि बाबांना जसे होते तसे, बनियनवर, उठवून आणलं. वाटेत त्यांनी तीनदा विचारलं, सही झाली का. मी पुढे चालत राहिले.

बाबा आत्यासमोर उकिडवे बसले. मी टॅबलेट त्यांच्या हातात दिला आणि लाल चौकोन दाखवला.

"बाय, अगो वकिलानं लिवला व्हता की तिथं..."

"वकिलाचा सोड. तू मना काय दिलास ते लिव. मी सही करतंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम खाडीकडे बघायला लागले. ओहोटी सरून पाणी आत यायला लागलं होतं, चिखलातल्या चरांमधून हळूहळू, आवाज न करता. बाबांनी एका बोटाने टाइप केलं, भाऊबीजेच्या साड्या.

"लिव की," आत्या म्हणाली. रागाने नाही, अगदी मायेने. "साड्यांच्या बदल्यात जागा. चालंल. आन त्या साड्यांचा पैसा कोनाच्या टोपलीतला, ते पन लिव."

बाबांनी एकेक अक्षर खोडलं. मग लिहिलं, राहायला खोली.

"ती बापाची. त्यो माझा पन बाप व्हता."

तेही खोडलं. चौकोनात रेघ लुकलुकत होती. ती लुकलुकवणारा कोड मी लिहिलाय, एका सेकंदात किती वेळा तेही मीच ठरवलंय, पण त्या दुपारी ती तिच्या मनानेच चाललीय असं वाटत होतं. उजेड पाण्यावरून सरकत आमच्या पायांपर्यंत आला होता. कलंडलेली एक होडी हलली, सरळ झाली, पुन्हा कलंडली. आत्याने मधेच बाबांच्या बनियनवरचा जवळा झटकला, आणि बाबा लहान मुलासारखे मान खाली घालून ते करून घेत होते.

मग त्यांनी लिहिलं. फार हळू. चौकोनाची लाल कड गेली.

"काय लिवलंस?" आत्याने विचारलं.

बाबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिने माझ्याकडे बघितलं. मी वाकून वाचलं.

"काहीच नाही दिलं."

"हां." आत्याने मान हलवली. "आता खरा लिवलंस, गंग्या. वकिलानं पन तेच लिवला व्हता, पन तुझ्या हातचा पायजे व्हता मना. आन इकरं. कुठं करायची सही?"

तिने बोट पदराला कोरडं केलं आणि हात पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं, ना राग, ना उपकार. ती सही करणार होती. मला ओरडावंसं वाटलं, आत्या नको करूस, येडी आहेस का!

बाबांनी टॅबलेट छातीशी धरला होता.

"दे की रे."

"नाय."

"अरे, बिल्डर थांबलाय तुझा."

"थांबू दे." बाबांनी टॅबलेट आणखी घट्ट धरला. "हे लिवलेलं असताना तू सही केलीस तर मी घरात कंच्या तोंडानं बसू? दोन नावां राहतील, बाय. बिल्डरला मी जाऊन सांगतंय."

"तू सांगशील?" आत्याने विचारलं. "का परत हिला धाडशील?"

"मी सांगीन."

पुढे केलेला हात आत्याने मागे घेतला नव्हता. बाबांनी टॅबलेट माझ्याकडे दिला, तो हात धरला, आणि उठायच्या ऐवजी तिथेच तिच्या शेजारी मातीत बसून रडायला लागले. आत्या दुसऱ्या हाताने कावळे हाकलत राहिली.