भरलेल्या बाटल्या

कोलशेतच्या त्या कचेरीत पायल तिसऱ्यांदा आजारी पडली. लघवीचा संसर्ग, ताप, सलाईन. या वेळी रजेच्या अर्जाला राजीनामा जोडलेला होता.

"आजकालच्या मुली नाजूक," उत्तराबाई म्हणाल्या. कचेरीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. नव्या जागेचा नकाशाही त्यांनीच आखलेला. टेबलाटेबलांमध्ये उंच भिंती, मधोमध मुकुलसाहेबांची काचेची खोली आणि तिच्यासमोरूनच स्वच्छतागृहाची वाट. कोण कितीदा उठतं, ते साहेबांना दिसावं म्हणून.

सफाई करणारी तुळसा हसली. "नाजूक? बाई, जरा मोरीपाशी या."

तिथे मुलींच्या टेबलांवरच्या सहा बाटल्या होत्या. सकाळी तुळसाने भरलेल्या, संध्याकाळीही तशाच गळ्यापर्यंत.

"रोज मीच ओतून टाकते. प्यायलं की जावं लागतं. गेलं की साहेब घड्याळ बघतात. परवा पायलला म्हणाले, 'क्या मॅडम, फिर से?' सगळे हसले."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगणार कधी? आपसात बोलायची सोय ठेवलीय का? शेजारी बसतात आणि भिंतीपलीकडे मेसेज करतात. तुम्हाला काय, तुमच्या खोलीला आतूनच स्वच्छतागृहाचं दार आहे."

उत्तराबाईंना कल्याणची जुनी कचेरी आठवली. खिडकीशी लांब टेबल, कोपऱ्यात माठ. एकाची चूक साहेबांआधी शेजारच्याला दिसायची, आणि पाणी प्यायला कुणाची परवानगी लागत नसे. आणि आपण हे काय बांधलं! त्यांना किळस आली, ती मोरीची नव्हे, स्वतःच्या नकाशाची.

त्या तडक मुकुलसाहेबांकडे गेल्या. "सोमवारी सुतार येतोय. तुमची खोली कडेला जाईल आणि टेबलांमधल्या भिंती निघतील."

"मग लक्ष कसं ठेवायचं, मॅडम?"

"कामावर ठेवा. बायकांच्या मुतण्यावर नको."



आपल्या खोलीची किल्ली उत्तराबाईंनी तुळसाकडे दिली. "सुताराचं काम होईपर्यंत मुली माझ्या खोलीतूनच जातील." मग पायलला फोन लावला. "राजीनामा मी फाडलाय. चूक माझी होती, बाळ. बरी झालीस की ये."

पंधरा दिवसांनी पायल आली. संध्याकाळी तुळसाला ओतायला पाणी उरलं नाही.

वाचकहो, तुमच्या कचेरीतल्या बाटल्या संध्याकाळी एकदा बघा. जिथे माणसाला तहान मारून बसावं लागतं, ती जागा कितीही चकचकीत असली तरी कामाची नव्हे. आणि जो नकाशा आखतो, त्याने आधी सगळ्यात अवघड खुर्चीत दिवसभर बसून पाहावं.