पालथी ताटली

दाजी हेडक्लार्कांना आजवर कोणाचं अक्षर पसंत पडलं नव्हतं, सुगंधाचं पडलं. म्हणून मार्चमधल्या त्या सकाळी, विद्यापीठाची समिती यायला तीन तास उरले असताना, त्यांनी तिला ऑफिसातल्या स्टुलावर बसवलं, पुढ्यात कोरा ताव ठेवला आणि टाक तिच्या हातात दिला.

"ह्यो तक्तो आसा. कच्चो माझो, पक्को तुझो. शाईचो डाग पडता नये."

तक्ता विद्यार्थ्यांचा होता. किनाऱ्यावरच्या त्या तालुक्याच्या गावात कॉलेज निघून तीनच वर्षं झाली होती, आणि त्याला कायमची मान्यता द्यायची की नाही हे समिती ठरवणार होती. कॉलेज सगळ्या समाजांचं आहे ना, हे विद्यापीठाला आकड्यांत पाहायचं होतं. सुगंधा एकेक रकाना भरत गेली. मुलगे एकशे बारा, मुली बारा. मग बागायतदारांच्या किती, शेतकऱ्यांच्या किती. 'मच्छीमार, मुली' या रकान्यात एक. ती एक म्हणजे शिरोड्याला मासे विकणाऱ्या काशीबाईची लेक, ती स्वतःच. तिने तो एकचा आकडा जरा जास्तच वळणदार काढला.

पुढचा रकाना मागासवर्गीय मुलींचा. दाजींच्या कच्च्या तक्त्यात तिथेही एक होता.

"दाजी, ही सत्यवती मां? ती दिवाळीत गेली ती परत खंय इली?"

"नाव पटावर आसा. पटावर आसा म्हणजे आसा."

"पण ती नाय."

"तू लिव गो. तुका तक्तो लिवक बसवलंय, तपासूक नाय."

सगळ्यात खाली शेवटची ओळ होती. 'वसतिगृहात सर्व समाजांच्या मुलींचे भोजन एकत्र होते काय?' समोर दाजींनी 'होय' लिहिलं होतं.

सुगंधाचा टाक थांबला.

मुलींचं वसतिगृह म्हणजे बाजाराच्या मागचं एक भाड्याचं घर. बाराही मुली तिथेच राहत. माजघरात दहाजणींची पंगत बसे. सुगंधा बाहेर पडवीत जेवे. असा हुकूम कोणी दिला नव्हता. पहिल्याच दिवशी जेवण रांधणाऱ्या गोदूबाईने तिच्यासाठी ॲल्युमिनियमची ताटली पडवीत ठेवली, "वास मारता गो, पोरींका जेवण जायचा नाय," म्हणाली आणि तेवढ्यावर तो नियम होऊन बसला. जेवण झालं की ताटली आपणच घासायची आणि पडवीच्या कट्ट्यावर पालथी घालायची. तिच्या शेजारी दिवाळीपर्यंत दुसरी ताटली असे. ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या सत्यवतीची. तिला तर पाणीही गोदूबाई वरून ओतून द्यायची. एकदा ते पाणी ओंजळीतून निसटून तिच्या मांडीवरच्या पुस्तकावर सांडलं. माजघरातून कोणीतरी हसलं. सत्यवती सुट्टीला गेली ती आलीच नाही. ताटली मात्र अजून तिथेच होती.

आणि घरी? सुगंधाची ट्रंक भरताना आईने कपड्यांच्या घडीघडीत सुरंगीची फुलं घातली होती, लेकीला मासळीचा वास येऊ नये म्हणून. गणपतीला गेली तेव्हा आईने पहिलंच विचारलं होतं, "सगळ्यांवांगडा जेवक बसतंस मां?" आणि सुगंधा म्हणाली होती, "होय." तेव्हापासून काशीबाई बाजारात बांगडे मोजतामोजता लेक सगळ्यांच्या पंगतीत जेवते, हे भेटेल त्याला सांगत होती. एक खोटं तोंडाने बोलून झालं होतं. आता तेच शाईने लिहायचं होतं.

"दाजी, ह्या खरा नाय."

दाजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "माका म्हायत आसा. पण मान्यता गेली तर तू खंय शिकतलंस? मुंबयक? तुझ्या आवशीक झेपात? आणि ह्या बाकीच्या चेडवांचा काय? एक शब्द तर आसा."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. समिती वेळेच्या आधीच आली होती. दाजी हार शोधायला धावले. सुगंधाने टाक दौतीत बुडवला, रकाने पुरे केले आणि टीपकागद दाबला. प्राचार्यांनी धांदलीत तो ताव न वाचताच पाहुण्यांच्या हाती दिला.

दुपारी वसतिगृहाच्या दारात गोदूबाई तिची वाटच पाहत होती. "आज आत बस. सायबांनी सांगितलांनी हा. मथुराच्या बाजूक तुझा पान मांडलंय."

"आणि फाल्या?"

"फाल्याचा फाल्याक बघू. बस आता, उगाच तोंड वाजवू नको."

सुगंधा आत जाऊन बसली. वर्षभरात पहिल्यांदा तिच्यापुढे केळीचं पान होतं. वाफाळलेला भात, त्यावर वरण, कोपऱ्यात लोणचं. शेजारची मथुरा, आंबोलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, पुटपुटली, "घाबरू नको गो." पंगतीला एकदा बसलं की सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही, हे तिथे प्रत्येकीला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

समिती आत आली. पुढे एक वयस्क प्राध्यापिका होत्या. त्यांच्या हातात तो ताव होता. त्यांनी पानं मोजली, मग तावाकडे पाहिलं.

"अकराही जणी एकत्र जेवताहेत. मग इथे 'नाही' कसं लिहिलंय?"

प्राचार्यांचा चेहरा उतरला. "नक्कल करताना चूक झाली असेल, बाई. मुलीच्या हातची नक्कल आहे."

"आणि मागासवर्गीय मुलींपुढे 'एक आली, राहिली नाही' असं लिहिलंय. तीही चूकच?"

गोदूबाईच्या हातातली वरणाची पळी तशीच राहिली. सुगंधाला कळत होतं की आता गप्प बसलं तरी पुरे. पान पुढ्यात होतं, भात पानावर होता, सगळं 'होय'च म्हणत होतं. तिने अजून घास घेतला नव्हता.

ती उठली. भरल्या पंगतीतून उठली, पडवीत गेली, आपली ताटली उताणी केली आणि तिच्यापुढे मांडी घालून बसली.

"नक्कल माझी आहे, पण चूक नाही. मी रोज इथे जेवते. ही शेजारची ताटली सत्यवतीची. ती दिवाळीत गेली. आज मला आत बसवलंत, सर. उद्या मी कुठे बसू?"

मग आतून पान सरकल्याचा आवाज आला. मथुरा भरलं पान दोन्ही हातांनी सांभाळत बाहेर आली आणि तिच्या शेजारी बसली. बाकीच्या नऊजणी मान खाली घालून भात कालवत राहिल्या.

कायमची मान्यता मिळाली नाही. समितीने एक वर्षाची मुदत दिली आणि पुढल्या खेपेला न कळवता येऊ, असं लिहून दिलं. संतापलेल्या प्राचार्यांनी समिती ठेवून गेलेला तक्ता दाजींपुढे टाकला. "यातल्या चुका काढा आणि विद्यापीठाकडे नवा पाठवा."

दाजींनी चष्मा चढवला आणि एकेक ओळ बोटाने तपासली. नोकरीत त्यांनी साहेबांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"साहेब," ते ऑफिसातल्या मराठीत म्हणाले, "चूक सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी पडवीत दोघीजणी जेवल्या. तिसऱ्या दिवशीही दोघीच. पण त्या दिवशी गोदूबाई माजघरातला पाण्याचा तांब्या दोघींच्या मध्ये ठेवून आत गेली.

त्या दुपारी सुगंधा आईला पत्र लिहायला बसली. काशीबाईला वाचता येत नसे. शिरोड्याचा पोस्टमन तिची पत्रं मासळीबाजारात, तिच्या टोपलीशेजारी उभा राहून, मोठ्याने वाचून दाखवी आणि आजूबाजूच्या सगळ्या बायका ऐकत. हे सुगंधाला पक्कं ठाऊक होतं. तिने नेहमीच्याच वळणदार अक्षरात लिहिलं:

'आये, मी तुला खोटं सांगितलं होतं. मी पडवीत जेवते. येत्या रविवारी सत्यवतीच्या घरी जाणार आहे. तिची ताटली मी घासून ठेवली आहे.'

मग पुन्हा एकदा वाचून, काहीही न खोडता, तिने ते पाकिटात घातलं.