पडदेवाल्या ताईंच्या दारातला दांडा

मी एक जुना लोखंडी दांडा आहे, मित्रांनो. माझा जन्म पडद्यासाठी झाला, पण सारे आयुष्य माणसांना पेलण्यात गेले. आणि खरे सांगतो, एवढी धमाल मला कुठल्याच पडद्याने दिली नसती!

वेल्डरच्या दुकानात एका लांबलचक नळीतून मला कापून काढले. कानशीने घासून माझ्या कडा गुळगुळीत केल्या. अंगावर आधी तांबडा आणि मग काळाभोर रंग चढवला. मी चांगला जाडजूड होतो, कारण एका सभागृहाच्या दारावरचा जड मखमली पडदा मला पेलायचा होता. मखमल! अंगावरचा रंग वाळेपर्यंत मी तिचीच स्वप्ने पाहत होतो. गडद जांभळी मखमल, तिला सोनेरी काठ, आणि माझ्याखालून माना वर करकरून जाणारी माणसे!

पण सभागृहात मला लावायला गेले, तर मी वीतभर आखूड निघालो. माप घेताना कुणाची तरी गफलत झाली होती. "हा आता काय कामाचा?" असे म्हणून तिथल्या व्यवस्थापकांनी मला परत पाठवले. मग ते काम घेतलेल्या, पडदे शिवणाऱ्या ताईंच्या कामाच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमागे, मी तोंड लपवून पडून राहिलो.

ताईंचा धंदा राहत्या घरातच होता. पुढची मोठी खोली कामाची, मागे स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मध्ये एक दार. कामाच्या खोलीत शिलाईची मशीने, मधोमध कापड बेतायचे लांब टेबल, खिडकीशी इस्त्री आणि भिंतीला लागून माणसाहून उंच कपाट. माप घ्यायला ताई, कापड कापायला ताई, गिऱ्हाइकाची समजूत काढायला ताई आणि शिडीवर चढून पडदा टांगायलाही ताईच! शिलाईवाल्या मावशी कितीतरी वर्षे त्यांच्याकडे होत्या, पण मोठी कात्री मावशींच्या हातात कधी गेली नाही. ताईंचे दीर फिटिंगचे काम करायचे, पण भोक कुठे पाडायचे तेसुद्धा वहिनींना विचारूनच. ताईंचे यजमान लांब पल्ल्याच्या ट्रकवर असत, म्हणून घराकडे सासूबाई पाहायच्या. सासूबाईंची जीभ अशी होती, की तिच्यापुढे आमची इस्त्रीही गार वाटावी. आणि फोन? तो तर ताईंच्या कानालाच शिवलेला होता.

एके दिवशी ताई वरच्या फळीवरचा तागा काढायला गेल्या आणि कळवळून खाली बसल्या. उजवा हात नीट वर जाईना. दुपारी त्या फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आल्या, त्या धुसफुसतच.

"काय म्हणाल्या?" मावशींनी विचारले.

"खांदा आखडत चाललाय म्हणे. रोज येऊन व्यायाम करा. मी म्हटलं, बाई गं, मला जेवायला बसायला वेळ नाही, रोज कुठून येऊ? तर म्हणाल्या, 'मग व्यायामालाच तुमच्या वाटेत आणून बसवा. ज्या दारातून दिवसभर ये-जा करता, तिथे एक मजबूत दांडा लावा. पाय जमिनीवरच ठेवून नुसतं धरायचं, अंग हळूच सैल सोडायचं. दुखलं की थांबायचं. दारातून गेलात की एकदा, आलात की एकदा.'"

दिरांनी खोलीभर नजर फिरवली आणि ताग्यांमागे हात घालून मला बाहेर ओढले.

"वहिनी, हा आहे की! सभागृहाला आखूड पडला, पण आपल्या दाराला अगदी मापाचा!"

काय सांगू मित्रांनो! इतके दिवस अंधारात पडलेल्या मला कुणीतरी 'मापाचा' म्हटले! दिरांनी भिंतीत खोल भोके पाडून जाड बोल्ट ठोकले, पाना घेऊन ते आवळले आणि मग खात्री करायला स्वतःच मला लोंबकळून झोके घेऊ लागले.

"भिंत पाडलीस तर आज तुझ्या ताटात विटा वाढीन!" स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या.

मग ताई आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी मला धरले. कात्रीने अंगठ्याशी पडलेला घट्टा, बोटांना लागलेली खडूची पूड, आणि दुखऱ्या हाताची अपुरी पकड, सगळे मला जाणवले. पडदा दांड्यावरून नुसता सरकतो, पण माणूस दांड्याला धरतो. हा फरक मला त्या क्षणी कळला आणि माझ्या पोकळ अंगातून शिरशिरी गेली!

तेव्हापासून आमचा खेळ सुरू झाला. चहाला जाताना ताई मला धरायच्या, चहा पिऊन येताना धरायच्या. जेवायला जाताना, पाणी प्यायला जाताना, सासूबाईंनी हाक मारली की जाताना. वेगळा वेळ काढायचा नाही, कपडे बदलायचे नाहीत, कुठे जायचे नाही.

"मी घरात सून आणली होती," सासूबाई म्हणायच्या, "हे वटवाघूळ कुठून आलं?"

"आई, वटवाघळाला खांदेदुखी नसते," ताई लटकूनच उत्तर द्यायच्या.

हळूहळू हात पूर्ण वर जाऊ लागला. खांद्याला तर गुण येत होताच, पण खरी गंमत पुढेच आहे. एक गोष्ट ताईंच्या आधी माझ्या लक्षात आली होती. मला दोन्ही हातांनी धरलेल्या माणसाला फोन धरता येत नाही!

एकदा ताई अशाच लटकल्या होत्या आणि टेबलावर फोन वाजू लागला. ताईंची बोटे चुळबुळली. एक हात सुटणार, एवढ्यात मावशींनी मशीन थांबवले आणि फोन उचलला.

"बोला. ... नाही, ताई कामात आहेत, मला सांगा. ... हे बघा, बाळाच्या खोलीला जाळीदार नको, ऊन थेट आत येईल. अस्तराचा घ्या, फिका पिवळा. उद्या नमुना पाठवते." त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा मशीन सुरू केले, जणू काही घडलेच नाही.

ताईंनी मला सोडलेच नाही. बघतच राहिल्या. "मावशी, हे तुम्हाला कधीपासून येतं?"

"रोज ऐकतेय की तुमचं. कान काय मशीनला गहाण ठेवलेत?"

ताई खो खो हसल्या. मी तर त्या हसण्याने हललोच!

त्या दिवसापासून ताई लटकलेल्या असल्या, की फोन मावशींचा. पुढे पुढे ताईंनी मला सोडले तरी फोन मावशींकडेच राहू लागला. मग एका दुपारी ताईंनी मोठी कात्री मावशींच्या हातात दिली. देताना त्यांचा हात घुटमळला, पण दिली! दीर स्वतःच्या डोक्याने भोके पाडू लागले. आणि ताईंना जो वेळ मोकळा मिळाला, त्यात कितीतरी वर्षे राहून गेलेली एक हौस त्यांनी पुरी करायला घेतली. त्या संगणकावर खोलीचे चित्र काढून, त्यात पडदे लावून दाखवायला शिकू लागल्या. सुरुवातीला पडदे छताला उलटे लटकायचे. "हे पण वटवाघूळच!" असे म्हणून सासूबाई चष्मा लावून संगणकाच्या पडद्यावर डोकवायच्या, मात्र ताई शिकत असताना खोलीत भांडे वाजू द्यायच्या नाहीत.

अशातच एका नव्या नाट्यगृहाचे काम आले. रंगमंचाचा मुख्य पडदा! एवढे मोठे काम ताईंना याआधी कधी मिळाले नव्हते. खोलीत नुसता जल्लोष झाला. दिरांनी शिट्टी वाजवली, मावशींनी सगळ्यांसाठी चहा टाकला. मीही खूश होतो. मला काय ठाऊक, आता माझे वाईट दिवस सुरू होणार होते!

एवढे मोठे काम म्हटल्यावर ताई घाबरल्या आणि पुन्हा जुन्या वळणावर गेल्या. "आजचा दिवस राहू दे" म्हणत माझ्याखालून धावत जाऊ लागल्या. फोन पुन्हा कानाला, कात्री पुन्हा त्यांच्याच हातात. संगणकावर धूळ बसली. माझ्यावर आधी एक ओला टॉवेल आला, मग हँगर आले, मग छत्री. शेवटी कापडाचे तंतू स्वयंपाकात उडतात म्हणून सासूबाईंनी उरलेल्या मखमलीचा एक पडदा शिवून घेतला आणि माझ्यावर सोडला.

मित्रांनो, जिच्यासाठी मी झुरलो, ती मखमल अखेर माझ्या अंगावर आली होती! पहिला दिवस मी फुशारकीत घालवला. दुसऱ्या दिवशी मात्र मला करमेना. मखमल सुंदर होती, मऊ होती आणि गप्प होती. तिला घट्टे नव्हते, घाम नव्हता, ती मला घट्ट धरत नव्हती. पडद्यापलीकडून ताईंचा चिडका आवाज यायचा आणि मला काहीच करता यायचे नाही.

मग ती सकाळ उजाडली. त्या दिवशी नाट्यगृहात पडदा चढवायचा होता आणि दुसऱ्या दिवशी उद्घाटन होते. ताई केस विंचरायला बसल्या, तर हात कानाच्या वर जाईना. कंगवा हातातून गळून पडला. सासूबाईंनी तो उचलला आणि सुनेची वेणी घालायला घेतली. वेणी पुरी होईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या म्हणजे प्रकरण गंभीर, हे घरात सगळ्यांना माहीत होते.

मग त्या उठल्या, स्टूल ओढले, वर चढल्या आणि मखमलीचा पडदा एका हिसक्यात खाली ओढला. टॉवेल, हँगर, छत्री, सगळे धडाधड जमिनीवर!

"मीच लावला होता, मीच काढला," त्या म्हणाल्या. "तू आज कुठेही जायचं नाहीस."

"आई, काय बोलताय? तो पडदा वाकडा चढला तर सगळ्या गावात नाव जाईल माझं!"

मावशी पुढे आल्या. "ताई, शिवलाय मी. कुठली चुणी कुठं पडते, मला झोपेतून उठवून विचारा. आम्हाला जाऊ द्या."

"आणि वहिनी," दीर म्हणाले, "दर पाच मिनिटांनी फोन करायचा नाही. काम झालं की आम्ही करू."

ताईंनी एकदा मावशींकडे पाहिले, एकदा आपल्या हाताकडे. "जा," त्या म्हणाल्या.

तो दिवस कसा गेला म्हणून सांगू! सकाळी सासूबाई त्यांना फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेल्या. परत आल्यापासून ताई या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत होत्या. दारात आल्या की डावा हात वर करून नुसता मला टेकवायच्या आणि डोळे मिटून श्वास सोडायच्या. दुपार गेली. फोन आला नाही. उन्हे उतरली, तरी नाही. सासूबाईंनी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो निवून गेला.

आणि मग दार धाडकन उघडले!

"उघडला!" दीर आत शिरतानाच ओरडले. "वहिनी, पहिल्याच ओढीत उघडला! पाण्यासारखा!"

"अहो, फोन तरी करायचा!"

"आनंदात विसरलोच!"

मावशी दारात उभ्या होत्या, केसांत कापडाचे तंतू, चेहरा फुललेला. "मधली चुणी जरा घट्ट घेतली मी, तुम्हाला न विचारता. म्हणून तर नीट मिटतोय."

"मी असते तर सैल ठेवली असती," ताई म्हणाल्या.

"म्हणून तर तुम्ही नव्हता ते बरं झालं!"

मग ताई जे हसू लागल्या, ते हसता हसता रडल्या आणि मावशींच्या गळ्यातच पडल्या.

त्यानंतर आमचा खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पाय जमिनीवर ठेवून, हळूहळू, दुखले की थांबून. या वेळी घाई नव्हती. संगणकावरची धूळ पुसली गेली. ऋतू बदलले, खांदा मोकळा झाला. फिजिओथेरपिस्टनी परवानगी दिल्यावर ताईंनी पाय उचलले, आणि मग त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरले. नुसते लटकायचे नाही, स्वतःला वर ओढायचे!

रोज ओढायच्या, रोज अर्ध्यातून खाली यायच्या. आणि एका दुपारी, चहाच्या वेळी, मला त्यांची पकड काही वेगळीच वाटली. मी श्वास रोखला. कोपर वाकले, हात थरथरले, मावशींचे मशीन थांबले. "अजून! अजून!" मावशी ओरडू लागल्या. दीर टेबलावर ताल धरून बडवू लागले. नाक माझ्यापाशी आले, ओठ आले आणि हनुवटी, अहो, हनुवटी माझ्या वर आली! पहिल्यांदाच कुणीतरी मला वरून पाहत होते!

ताईंनी तिथूनच समोरच्या कपाटाचा माथा पाहिला आणि किंचाळल्या, "अगं बाई! केवढी ही धूळ!"

"मग वर गेलीच आहेस तर पुसून ये!" सासूबाई म्हणाल्या. आणि त्यांनीच सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

आता ताईंचा धंदा मोठ्या जागेत गेला आहे. जायच्या दिवशी ताईंनी सगळ्या सामानाआधी मला सोडवून घेतले. नव्या जागेत मी कापड बेतायच्या आणि शिलाईच्या खोल्यांमधल्या दारात आहे. माझा काळा रंग मधोमध झिजून खालचे लोखंड चकाकू लागले आहे. तिथे आता नव्या कारागिरांचे हात येतात, ओले, कोरडे, घाबरट, उतावळे. प्रत्येक हाताने मला धरले की तेवढाच आनंद होतो!

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. माझ्यासारखा एखादा दांडा, एखादी दोरी, एखादी सतरंजी तुमच्याही घरात कुठेतरी कपड्यांखाली दबून गेली असेल. तिला मोकळे करा. आमचे बोल्ट अधूनमधून आवळा, गंज दिसला तर घासून काढा, मग आम्ही तुम्हाला दगा देणार नाही. आणि जशी आमची निगा राखाल, तशी स्वतःच्या खांद्यांची, पाठीची, डोक्याचीही राखा. कामे थांबणार नाहीत, ती आपली येतच राहतील. पण तुमच्या भोवतीची माणसे ती करू शकतात का, हे तुमचे हात कधीतरी मोकळे झाल्याशिवाय तुम्हाला कळणारच कसे? म्हणून जरा थांबा, दोन्ही हात वर करा, आणि घट्ट धरा. पेलायला मी आहे.