उलटी टेकडी

“कागद चांगला आहे,” बाबा म्हणाले.

बस्स, एवढंच. काकांनी सहा वर्षं खपून केलेलं पुस्तक, उपग्रहातून टिपलेले जमिनीचे दोनशे फोटो, आणि सख्ख्या मोठ्या भावाला त्यात कागद तेवढा दिसला.

“फोटोही बघ की, दादा,” काका म्हणाले.

“बघतोय ना. पण एवढं जड पुस्तक बघायचं कसं? मांडीवर घेतलं की पाय बधिर होतात.”

काका हसले. आई हसली नाही. ती हात धुऊन आली आणि एकेक पान अशा बेताने उलटू लागली, जणू खालचं वाळवंट सांडेल. “अगंबाई, ही वाळू आहे? मला वाटलं रेशमाची घडी मोडून पडलीये.” बाबांनी पंख्याचा वेग वाढवला. पानं फडफडली.

बाबा मोजणीदार. एकतीस वर्षं त्यांनी जमीन मोजली ती पायी. खांद्यावर मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई, डोक्याला रुमाल, खिशात चणे. त्यांनी काढलेले नकाशे कचेरीच्या लोखंडी कपाटात गुंडाळून ठेवलेत आणि त्यांच्यावर नाव आहे कचेरीचं. काका उपग्रह केंद्रात, थंडगार खोलीत बसतात. त्यांचं नाव पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरात. बाबांना काय होत होतं ते मला बरोबर कळत होतं, कारण मलाही तेच होत होतं. शाळेत सगळे विचारत, “तू त्यांची पुतणी का गं?” आजवर कुणीही “तू मोजणीदारांची मुलगी का?” असं विचारलेलं नाही.

चार दिवस बाबांनी पुस्तकाला हात लावला नाही, म्हणजे आमच्यासमोर. पाचव्या दिवशी मी शाळेतून लवकर आले, तर महाशय भिंग घेऊन पुस्तकावर ओणवे.

“इकडे ये. ही टेकडी बघ.”

“बघितली.”

“अकरा महिने मोजलीये मी ही. तुझा काका मदतीला आला होता. चौथ्या दिवशी पायाला फोड आले आणि स्वारी बसने घरी. आता सांग, नकाशात पूर्व कुठे?”

“उजवीकडे.”

“नदी टेकडीच्या पूर्वेला आहे. इथे कुठे दिसते?”

डावीकडे. मी दोनदा बघितलं. बाबांच्या चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

“फोटो उलटा छापलाय,” ते म्हणाले. “सोनेरी अक्षरं नीट सुलटी आहेत, टेकडी तेवढी उलटी.”

“काकांना फोन लावू?”

“फोन कशाला? शनिवारी येतोय ना तो तुमच्या शाळेत, पुस्तकावर बोलायला. शेवटी मुलांना प्रश्न विचारू देतात म्हणे.” मग भिंग पुसत, अगदी साळसूदपणे, “विचार की एखादा.”

नाही म्हणता आलं असतं. पण गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे, आणि आता माइक दिसला की माझ्या अंगात येतं. त्या दिवशीचं स्वागताचं भाषणही माझ्याकडेच होतं.

शनिवारी सभागृह गच्च भरलं. बाबा शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. काका बोलले छान, तेही मला आवडलं नाही. प्रश्नांची वेळ आली तशी मी उठले. “बेचाळिसाव्या पानावरची टेकडी उलटी का छापलीये? नदी पूर्वेला हवी.”

काकांनी पान काढलं, बराच वेळ बघितलं. त्यांचे कान लाल झाले. मी मनातल्या मनात नाचत होते.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “फोटो उलटाच आहे.”

मग त्यांनी तोच फोटो पडद्यावर लावला आणि सुलटा फिरवला. टेकडी गेली. तिच्या जागी भला मोठा खड्डा. सगळ्या सभागृहाने एकदम श्वास ओढला.

“इथे ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणजे फोटोच्या खालून,” काका म्हणाले. “आपल्या डोळ्यांना उजेड वरून यायची सवय. खालून आला की उंचवटा खोलगट दिसतो. म्हणून आम्ही काही फोटो फिरवून घेतले. तशी टीप फोटोखाली छापायची, ती या पानावर राहून गेली. चूक माझी.”

टाळ्या थांबेनात. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “पुतणी शोभतेस हो.” टाळ्या निघाल्या होत्या बाबांच्या भिंगातून आणि पडल्या काकांच्या ओंजळीत. मी मागे पाहिलं. बाबा हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घडी घालत होते, मग तिची आणखी घडी.

फाटकापाशी काकांनी त्यांना गाठलं. “दादा, खरं सांग, हे तूच पकडलंस ना? हिला कुठली कळायला ती टेकडी.”

“मी कशाला,” बाबा म्हणाले. “पोरगी हुशार आहे.”

मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझा दंड घट्ट धरला. काका थोडे घुटमळले आणि गाडीत बसले.

घरी आल्यावर बाबांनी कपडेही बदलले नाहीत. पुस्तक काढलं, बेचाळिसावं पान उघडलं आणि पुस्तकच गोल फिरवलं. खड्डा. परत फिरवलं. टेकडी. असं चार-पाच वेळा.

“अकरा महिने चढताना दम लागला होता,” ते म्हणाले. माझ्याशी नसावेत बोलत.

मग त्यांनी कचेरीतली टणक पेन्सिल काढली, ब्लेडने टोक केलं, आणि पानाच्या कोपऱ्यात पट्टीने एक बाण काढला, टोक खाली. टोकाशी ‘उ’ लिहिला, उत्तरेचा. कचेरीच्या प्रत्येक नकाशावर ते काढत तसाच, वाटाण्याएवढा. फुंकर मारून पेन्सिलीची भुकटी उडवली, आणि पुस्तक आईने ठेवलं होतं तिथेच, सोनेरी नाव बाहेर येईल असं, नीट उभं करून ठेवलं.