पांढऱ्या पेशी

बार्शीटाकळीच्या पंजाबरावांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक दोन शेतांमधल्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ आणि दुसरा त्या बाभळीवरचा दावा. बाभूळ एका वादळात उन्मळून पडली. दावा मात्र हिरवागार होता.

समोर चुलतभाऊ नत्थुजी. त्यानेही मागे राहू नये म्हणून उलटा दावा ठोकलेला. कोर्टाची तारीख, म्हणजे वऱ्हाडी माणसाची पेशी, आली की दोघे एकाच मोटारीने अकोल्याला जात. एक पुढच्या दाराने चढे, एक मागच्या. बोलणं नव्हतंच. पंजाबराव घरच्या लग्नाला उशिरा पोचले असतील, पण पेशीला कधी नाही.

आणि नेमका उजवा गुडघा फुगला. दोन पेशी बुडाल्या. नत्थुजीही त्या दोन्ही दिवशी आला नव्हता, म्हणून निभावलं. पण वकिलाचा निरोप आला की साहेब चिडलेत, येत्या गुरुवारी जो स्वतः वर येऊन उभा राहणार नाही त्याचा दावा खारीज. कोर्ट माडीवर. पंजाबरावांना तर ओटा चढवत नव्हता.

शेवटी बायकोने, चतुराबाईने, त्यांना अकोल्याच्या जठारपेठेत डॉक्टर लिमयांकडे नेलं. लिमये पुण्याहून नवे आलेले, बोलणं धुतल्या कपड्यासारखं स्वच्छ. त्यांनी सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं, थेंबभर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि म्हणाले, "सांध्याची गादी थोडी झिजली आहे. पण खरी भानगड वेगळीच. तुमच्या पेशी वाढल्यात."

पंजाबराव सावध झाले. "तुमाले कोनं सांगतलं?"

"पाण्यात दिसतात की. पांढऱ्या पेशी."

पांढरी पेशी पंजाबरावांच्या चांगल्याच ओळखीची होती. साहेब रजेवर, वकील दुसऱ्या कोर्टात, साक्षीदार आजारी, आणि दिवसअखेर पुढची तारीख घेऊन घरी, ती पांढरी पेशी. त्यांच्या नावावर अशाच जास्त जमा होत्या. पण त्या गुडघ्याच्या पाण्यात उतरतात, हे नवं होतं.

डॉक्टर रंगात आले. गादी झिजली की बारीक कचरा होतो, तो साफ करायला या पेशी धावून येतात, म्हणाले. तशा भल्या, शरीराच्या रखवालदारच. पण काम संपलं तरी हलत नाहीत. तिथंच ठाण मांडतात, आग करतात, पाणी वाढवतात आणि धड उरलेली गादीही कुरतडतात. पुस्तकं सगळा दोष झिजेवर टाकतात, पण आपला संशय या मंडळींवर आहे, असंही त्यांनी सांगून टाकलं.

"वकिलावानीच हाय मंग," चतुराबाई भिंतीकडे पाहत पुटपुटली.

"तेव्हा पेशी कमी करायच्या," डॉक्टर म्हणाले. "या गोळ्या घ्या, आराम करा. आणि जिने बंद."

आता पंजाबरावांची खात्रीच पटली. "नत्थुजी येऊन गेला काय इथी?"

"हो, परवाच. त्यांचा डावा गुडघा. त्यांनाही पेशी कमी करा म्हटलं, तर तेही असेच रागावले. नातेवाईक का तुमचे?"

पंजाबरावांच्या कानात एकच गोष्ट शिरली. डावा गुडघा! म्हणजे तोही चढत नाही. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांना गुडघा हलका वाटला. आपण कसंही करून चढायचं आणि तो खाली बसलेला वरून पाहायचा, असा बेत त्यांनी मोटारीतच पक्का केला.

गुरुवारी कोर्टाच्या खालच्या पायरीवर एका टोकाला पंजाबराव बसले होते, दुसऱ्या टोकाला नत्थुजी. प्रत्येकजण दुसऱ्याच्या फजितीची वाट पाहत होता. वर दोघांच्या नावाचा पुकारा झाला. पंजाबरावांनी एक पायरी चढून पाहिली आणि बसले. नत्थुजीने चढून पाहिली. तोही बसला. पुन्हा पुकारा झाला.

"तुहा कोनता?" नत्थुजीने विचारलं. बाभूळ उभी होती तेव्हापासूनचा हा पहिला शब्द.

"उजवा."

"माहा डावा."

थोडा वेळ हिशेब चालला. मग दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उठले. दुखरे दोन पाय मध्ये, धड दोन बाहेर, असं ते तीन पायांचं जनावर कण्हत वर पोचलं.

साहेबांनी चष्मा काढला. "तडजोड झाली वाटतं?"

"नाही साहेब," नत्थुजी घाबरून म्हणाला. "जिना चढलो फक्त."

पंजाबरावांनी घसा साफ केला. "साहेब, आमच्या पेशी कमी करा. डॉक्टरचा हुकूम हाय. दोघायलेबी."

साहेब हसू दाबत म्हणाले, मग दावेच काढून घ्या. आणि वादातलं झाड आज आहे कुठं?

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पडल्यावर त्याचं काय झालं, हे विचारायला दोघांनाही दाव्यातून सवड मिळाली नव्हती.

"जयलं साहेब," त्यांच्या मागोमाग वर येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या चतुराबाईने सांगितलं. "म्या अन् नत्थुजीच्या पार्बताबाईनं वाटून घेतलं. अर्धं आमच्या चुलीत, अर्धं त्यायच्या."

यानंतर भांडायला काही उरत नव्हतं. दोन्ही दाव्यांच्या कागदांवर दोन अंगठे उठले.

चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड, त्यामुळे खांदे सोडायची सोय नव्हती. मोटारीतही दोघे मागच्याच दाराने चढले. गाव दिसू लागलं. मग पंजाबराव हळूच म्हणाले, "बुंधा तुह्याकडं गेला असंल."

"कावून? तुह्या घरी दोन वर्सं भाकरी कशावर भाजल्या?"