सातीचा पोळा

पंडित बोरसे नाकावर माशी बसू देत नाही, असं धुळ्याच्या त्या दवाखान्यात सगळे म्हणायचे. पंडित बोरसे म्हणजे मीच, आणि म्हणायचे ते खोटं नव्हतं. एक्स-रे मशीन माझ्याकडे होतं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमधल्या मेंढ्यांच्या नोंदीही माझ्याकडेच. एक तारीख चुकली तरी मी दवाखाना डोक्यावर घ्यायचो.

मेंढ्या दवाखान्यात कशाला, तर आमच्या डॉक्टर देवऱ्यांमुळे. ते शिरांच्या आजाराचे डॉक्टर. काही माणसांची पोटातली मोठी शीर दबते, पायातलं रक्त वर चढायला वाट उरत नाही. मग पाय सुजतो, काळवंडतो, घोट्याशी जखम होते आणि ती वर्षानुवर्षं भरत नाही. अशा शिरेत तारेच्या जाळीची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवली तर शीर उघडी राहील, असं डॉक्टरांच्या मनात होतं. पण माणसाच्या आधी मेंढीत बसवून बघायची. ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट.

तार मुंबईहून यायची आणि नळी विणायचा जळगावच्या सराफ बाजारातला झुलाल सोनार. पहिल्या सहा मेंढ्यांची शीर दोन महिन्यांत गुठळीनं बंद झाली. त्यांना भूल देऊन, शीर कापून बघितली तेव्हा ते कळलं. त्या मेंढ्या गेल्याच. सहावीच्या शिरेतली नळी झुलालनं भिंगाखाली धरली आणि म्हणाला, "साहेब, हिची टोकं टोचतात. टोचणारी नथ कोणती बाई नाकात ठेवील?" सातव्या नळीची टोकं त्यानं नथीच्या तारेसारखी वळवून, घासून गुळगुळीत केली. ती सातव्या मेंढीत बसली.

मेंढ्या सांभाळायला सोनगीरचा उखर्डू होता. खरं तर तो बायकोला, शेवंताबाईला, दाखवायला आला होता. तिच्या डाव्या घोट्यावर नऊ वर्षांची जखम होती. औषधपाणी लांबलं, तसा उखर्डू शेडवर कामाला लागला आणि दोघं शेजारच्या खोलीत राहू लागले. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "सातवीची शीर उघडी राहिली, तर तुमच्या पायाचं काहीतरी करता येईल." म्हणजे तिचा पाय त्या मेंढीवर अवलंबून होता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या वहीत मेंढीला फक्त आकडा असायचा. शेवंताबाईनं त्या आकड्याचंच नाव केलं, साती. ती दुखरा पाय विटेवर ठेवून शेडच्या दारात बसायची आणि साती तिच्या चांगल्या मांडीवर हनुवटी टेकून रवंथ करायची. "लग्नाची पोर आहे का ती, एवढे लाड?" असं मी चिडवायचो. ती हसायची. सहा महिने साती खाऊनपिऊन धडधाकट राहिली.

सहा महिने भरले, की सातीलाही भूल देऊन शीर कापून बघायची, हे आधीच ठरलेलं होतं. ते बघायला डॉक्टरांचे गुरू शहा डॉक्टर मुंबईहून एका दिवसासाठी येणार होते. त्यांच्या सोयीनं तारीख पडली ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. भूल देण्याआधी जनावर पूर्ण दिवस उपाशी हवं, नाहीतर पोटातलं घशात येऊन ते गुदमरतं. मी उखर्डूला तीनदा बजावलं, गव्हाण पालथी घातली आणि पोळ्याला घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर सातीच्या कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ आणि ओठांना तूप. दावणीशी खापरावर भाजलेल्या पुरणाच्या मांड्याचा तुकडा पडलेला.

माझं डोकंच फिरलं. "उखर्डू! तुला माणसाची भाषा कळते की नाही? मुंबईहून डॉक्टर येऊन बसलेत, आणि तू हिला पुरण चारलंस?"

उखर्डू मान खाली घालून उभा राहिला. शेवंताबाई लंगडत पुढे आली आणि तिच्या अहिराणीत म्हणाली, "त्यासले बोलू नका भाऊ. मनी चूक शे. मीच खावाले दिधं."

"अहो, पण का?"

"काल पोळा व्हता. बठ्ठा गावना ढोरं जेवनात. हाई एकलीच उपाशी राही? आनि तेबी मना पायसाठे?"

"पोळा बैलांचा असतो. मेंढीचा कधीपासून झाला?"

"मना घर बैल नही शे, भाऊ. हाईच शे."

तिनं सातीला वाचवायला हे केलं नव्हतं. खाल्ल्यानं कापणं टळतं, हे तिला माहीतही नव्हतं. सणाच्या दिवशी घरचं जनावर उपाशी ठेवायचं नसतं, एवढंच तिला माहीत होतं. ज्या तपासणीवर तिचा स्वतःचा पाय अवलंबून, तीच तिनं अर्ध्या मांड्यापायी लांबवून ठेवली होती. मी मात्र तेव्हा रागातच होतो.

डॉक्टर देवरेही चिडले. पण शहा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "भूल देता येत नसेल तर नको. मी संध्याकाळच्या गाडीनं जातोय. तेवढ्यात रंग सोडून फोटो काढून बघू." पायाची जागा तेवढी बधिर करायची, शिरेत औषधी रंग सोडायचा आणि तो वर जाताना एक्स-रे घ्यायचा. मेंढी शुद्धीवरच राहणार होती, म्हणून तिला धरायला कोणीतरी हवं होतं. शेवंताबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी माझ्यासारखाच शेवंताबाईलाही जड शिशाचा एप्रन चढवला आणि बटण दाबलं.

फिल्म धुऊन मी उजेडाला धरली. रंग पायातून निघून झुलालच्या नळीतून सरळ वर गेला होता. कुठं अडथळा नाही, गुठळी नाही. मी ती तशीच ओली घेऊन डॉक्टरांकडे धावलो.

शहा डॉक्टर बराच वेळ फिल्म बघत होते. मग म्हणाले, "देवरे, हिला आता कापून काय मिळवाल? सहा महिन्यांचं उत्तर मिळालं. माणसाच्या पायात नळी वर्षानुवर्षं टिकायला हवी. हिला जगू द्या आणि दर सहा महिन्यांनी फोटो काढा."

शेवंताबाईला मी हे समजावून सांगितलं, तेव्हा तिनं सातीच्या मानेत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडली. मी फिल्म वाळवायचं निमित्त काढून आत गेलो.

साती जगली. दर फोटोत शीर उघडी दिसत होती. दोन वर्षांनी शहा डॉक्टर माणसासाठी बनवलेली नळी घेऊन धुळ्याला यायला तयार झाले, आणि तारीख शेवंताबाईनंच मागितली, पोळ्याचा दुसरा दिवस. तिला तो दिवस लाभला होता ना. नळी नीट बसली आणि दोन महिन्यांत अकरा वर्षांची जखम भरली, हे आत्ताच सांगून टाकतो. पण मला आठवते ती आदली, पोळ्याची संध्याकाळ.

शेवंताबाई वॉर्डात खाटेवर पडून होती. उखर्डू दिवसभर तिच्या उशाशी बसून होता. मी जाऊन सांगितलं, "अक्का, उद्यापर्यंत पोटात काही जायला नको."

"मी राहसू उपाशी. माले समजस, भाऊ. तिले नही समजत." मग तिनं विचारलं, "साती जेवनी का?"

"जेवली की," मी म्हणालो. खोटंच. सकाळनंतर शेडकडे कोणी फिरकलंच नव्हतं, उखर्डूनं सकाळी टाकलेल्या चाऱ्यावरच साती होती.

खोटं पकडल्यासारखी ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

मी सायकल काढून घर गाठलं. बायकोला, प्रमिलाला, म्हटलं, एक मांडा दे, तूप जास्त लाव. "कोणाला?" तिनं विचारलं. "घरच्या माणसाला," मी म्हणालो. शेडमध्ये सातीला कुंकू लावलं आणि अर्धा मांडा हातानं भरवला. पोट फुगायला नको म्हणून अर्धाच. तिनं माझी बोटंसुद्धा चाटून घेतली.

परत वॉर्डात जाऊन मी पुन्हा सांगितलं, "अक्का, साती जेवली."

शेवंताबाईनं माझा हात ओढून नाकाशी धरला. तुपाचा वास घेतला आणि डोळे मिटले.

"हां," ती म्हणाली, "आते जेवनी."